केस पेशंटचेच लागतात

ताईच्या सासरी, अकोटले, ताटात केस निंगाला की सगळे पहिले त्या केसाकडे पाहे अन् मंग ताईकडे. घरात बाया दोनच, ताई अन् तिची सासू. सासूचे केस पांढरे अन् बोटभर, ताईचे काळे अन् कमरेपर्यंत. म्हणजे चौकशी बसवायचं कामच नव्हतं.

पहिले पहिले सासू हसून म्हणे, "काहून वं, आज भाजीत दोरा टाकला? शिवून खायाची आहे का?" ताई बी हसे. मंग हसनं कमी कमी झालं. मंग सासूनं बोलनंच सोडलं. केस निंगाला की दोन बोटानं उचले अन् ताटाच्या काठाले लावून ठेवे, सगळ्याइले दिसन असा. अन् एका सकाळी ताई स्वयंपाकघरात गेली तं सासू आधीच गॅसपाशी उभी. "तू बस बाई, मी करतो आता." दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी बी. कोनी भांडलं नाही, कोनी रागावलं नाही. ताईच्या हातचं खानं बंद झालं, इतकंच.

दिवाळीले ताई पोरीले घेऊन आमच्याकडे अमरावतीले आली अन् वापस गेलीच नाही. "केस आले की जाईन," म्हणे. जसे केस म्हणजे कोनी पाहुणे गावाले गेले आहेत अन् संध्याकाळच्या एसटीनं उतरतीन.

बाळंतपणानंतर सगळ्याइचेच गळते, असं सगळे म्हणत होते. सहा महिन्यात थांबन म्हणत होते. पोरगी साडेतीन वर्षाची झाली, स्वतःची चप्पल स्वतः घालाले लागली, पण ताईचे केस काही थांबले नाही. जूनमधे पोरीले शाळेत टाकायचं होतं. अकोटच्या शाळेत नाव सांगून ठेवलेलं होतं. म्हणजे जूनच्या आत ताईले वापस जायाचं होतं, अन् जायाचं तं डोक्यावर काहीतरी घेऊन जायाचं होतं.

मी ताईपेक्षा सात वर्षानं लहान. हळदीत, लग्नात, वाढदिवसात माइक धरून बोलायचं काम करते. त्याच्यात माही खरी मागणी नकलाइची. शाळेच्या मोठ्या बाई, खिडकीतून तिकीट देनारा कंडक्टर, जेवणात मीठ कमी म्हणनारा नवरदेवाचा मामा, कोनाचीही करून देते. ऐकनारा पाहिजे फक्त. लहानपणी माही ऐकनारी एकच होती, ताई. ती हसे तेव्हा तोंडावर हात ठेवून, अंग हालवून, आवाज न करता हसे. बाबा झोपलेले असले तं मले तिचं ते हालनं पाहूनच समजे की नक्कल जमली.

बाबाले पस्तिशीपासून टक्कल. उन्हाळ्यात त्याइच्या डोक्यावर पापड भाजाले येईन, असं मी त्याइच्या तोंडावर म्हणत आली, अन् त्याइनं कधी वाईट नाही मानलं. ताईच्या सासरची गोष्ट ऐकली तेव्हा त्याइनं चहाचा कप खाली ठेवला.

"माहे तं सगळेच गेले," म्हणे. "मले कोनं काढलं स्वयंपाकातून?"

"तुमी कधी गेलते स्वयंपाकात?" आई म्हणाली.

बाबानं कप पुन्हा उचलला.

आता माही चूक सांगते. बाळापूरले मामेबहिणीची हळद होती. आमी सगळे गेलो. ताईचं यायचं मन नव्हतं, पण आई म्हणाली लोक विचारतीन, म्हणून आली. मी तिले दोन-तीन महिन्यापासून पाहून राहिली होती. पाहनं हा माहा धंदाच आहे, मले बंद करता येत नाही. ताई कुठंही बसायच्या आधी वर पाहे, ट्यूबलाइट कुठं आहे म्हणून. थेट डोक्यावर उजेड पडला की भांग रस्त्यासारखा रुंद दिसते. मंग पंखा पाहे. मंग भिंतीचा कोपरा धरे, पाठ भिंतीले टेकवून, कोनी मागून यायले नको. ओढनी दर दोन मिनिटानं पुढं. कोनी मोबाईल वर केला की अर्धं पाऊल मागं.

हळद लागून झाली, जेवनं झाली, बाया गोल करून बसल्या अन् माह्या नकला सुरू झाल्या. कंडक्टर झाला, मामा झाला. लय हसल्या सगळ्या. तेवढ्यात एक मावशी म्हणाली, "आता तुह्या ताईची कर वं!"

मी केली. बोलली काहीच नाही. नुसतं वर पाह्यलं. पंख्याले भ्यायल्यासारखं केलं. कोपरा शोधला. ओढनी पुढं ओढली. बाया अशा हसल्या की एकीच्या हातातली हळदीची वाटी सांडली. ताई बी हसली. तोंडावर हात ठेवून, अंग हालवून. मले वाटलं, जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासून राहिली होती, तं मोरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"माकडे, तुले एवढं सगळं दिसत होतं?"

माह्या तोंडात फेस. मी मान हालवली.

"अन् त्या हसल्या म्हणजे त्याइले बी दिसत होतं."

मी फेस थुंकला.

"मले वाटत होतं, मी लपवून राहिली," ताई म्हणाली अन् आत गेली. त्यानंतर ती आमच्या गल्लीतल्या किराण्यात सुद्धा गेली नाही.

तेव्हा मले काहीतरी करून टाकायची घाई झाली. माहं पाप माह्याच हातानं धुवायचं होतं. आईचे इलाज तं चालूच होते. कांद्याचा रस झाला, जास्वंदाची फुलं झाली, कोरफड झाली. शेजारची म्हणाली चाई पडली, केस खानारा किडा असते, त्याच्यावर लसूण घासा. लसणानं ताईच्या डोक्यावर फोड आले, किडा काही सापडला नाही. मी मोबाईलमधे शोधत बसली. अकोल्यात एक दवाखाना सापडला, केस बसवून देनारा. जाहिरातीत लिहिलं होतं, स्त्रियांसाठीही. त्या "ही"वर ताईनं बोट ठेवलं अन् किती तरी वेळ ठेवून बसली.

फोन आईनं लावला. मी लावते म्हटलं तं म्हणे, "तू टिंगल करशीन." आमच्याकडे बाया बी "मी जातो, मी येतो" असंच बोलते. शाळेत बाईनं छडी मारून मारून माहं "जातो"चं "जाते" केलं, पण आईले कोन मारनार? ती आपली फोनवर, "आमी अकोल्याले येतो, दाखवतो, मंग पाहतो." तिकडची पोरगी गडबडली असन.

"पेशंट मेल आहे का?" तिनं विचारलं.

आईचा चेहरा पांढरा झाला. "मेलं कावून म्हणतं वं बाई? जिती आहे पोरगी माही! केसच गेले फक्त!"

"नाही हो मॅडम, मेल की फीमेल..."

"मेली नाई म्हणतो ना! धडधाकट आहे! आता चार पोया खाल्ल्या तिनं!"

हळदीनंतर ताई पहिल्यांदा हसली. पलंगावर आडवी पडून, उशी तोंडावर घेऊन हसली. मी आईच्या हातातून फोन घेतला, पोरीले समजावलं, दोन महिन्यानंतरची तारीख घेतली. फोन ठेवायच्या आधी आईनं पुन्हा ओढून घेतला अन् विचारलं, "माहे केस तिले चालतीन का? पांढरे आहेत पण लय आहेत. काया रंग मारून घेऊ."

"नाही मॅडम," ती पोरगी म्हणाली, मले बी ऐकू आलं. "दुसऱ्याचे चालत नाहीत. केस पेशंटचेच लागतात."

आई म्हणाली, "बरं," अन् फोन ठेवून दिला.

इथं गुंतवळाचं सांगाले पाहिजे. विंचरताना जे केस निंगते, कंगव्यात गोळा होते, ते गुंतवळ. आमच्याकडे बाया ते फेकत नाही. भिंतीच्या फटीत, खिळ्याले अडकवलेल्या पिशवीत जमा करते. महिन्या-दोन महिन्यानं एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन गल्लीतून जाते, "केसावर भांडेऽऽ, केसावर फुगेऽऽ" करत. तिले गुंतवळ द्यायचं अन् त्याच्यावर स्टीलची वाटी, नाही तं पोराइसाठी फुगा घ्यायचा. तिची आरोळी मी इतकी हुबेहूब करते की एकदा समोरच्या काकू खरंच पिशवी घेऊन बाहेर आल्या होत्या. ताई माहेरी आल्यापासून आमच्या घरी वाट्या वाढल्या होत्या. टोपलंवाली गुंतवळ हातात तोलून म्हणाली होती, "तुमच्या घरचं पीक यंदा चांगलं आहे बाई." आईनं तिच्या तोंडावर दार लावलं होतं.

दवाखान्याची तारीख घेतल्यानंतर टोपलंवाली आली की आई दारातूनच हात हालवे, "काही नाई बाप्पा आमच्याकडे." मले वाटलं, राग आहे अजून.

अकोल्याले आमी तिघी गेलो. पोरीले बाबापाशी ठेवलं. एसटीत ताई खिडकीपाशी नाही बसली, वारा लागते म्हणून मधात बसली, डोक्याले स्कार्फ घट्ट. आईच्या मांडीवर एक कापडी पिशवी, दोन्ही हातानं धरलेली. मले वाटलं दशम्या. मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हटलं, काढ ना, भूक लागली. आई म्हणे, "हे खायाचं नाई." मंग देवाचं काहीतरी असन, म्हणून मी नाद सोडला.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, काचेचा. भिंतीवर फोटो, आधीचे अन् नंतरचे. सगळे मानसं. आधी उदास अन् टकले, नंतर केसवाले अन् हसनारे. एक बी बाई नाही. बाकावर बसलेले बी मानसंच, टोप्या घालून. आमी तिघी शिरलो तसे सगळे आमच्याकडे पाहाले लागले अन् मंग एकदम मोबाईलमधे पाहाले लागले. ताईनं वर पाह्यलं. सगळीकडे लाइटच लाइट होते. कोपरा नव्हता.

डॉक्टर तरुण होता. शांत. पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोले. त्यानं ताईले स्कार्फ काढायले सांगतलं, पेनासारखा एक कॅमेरा डोक्यावरून हळूहळू फिरवला अन् समोरच्या टीव्हीवर ताईचं डोकं आलं. एवढं मोठं. केस खोडासारखे जाड दिसत होते, अन् मधात नुसती जागा. काही केस जाड, काही अगदी लव. मंग त्यानं मागचं दाखवलं. आपलं मागचं डोकं कोनी पाह्यलेलं नसते. ताई पाहून राहिली होती अन् तिचा हात आपोआप मागं गेला, झाकाले.

"हे बघा," डॉक्टर म्हणाला, "पुरुषांचं पुढचं टक्कल पडलं तरी मागचे केस पक्के असतात. तिथून एकेक केस मुळासकट काढायचा आणि पुढे लावायचा, एवढंच हे काम आहे. तुमचे सगळीकडूनच विरळ झालेत. मागूनसुद्धा. जिथून काढायचे तिथंच कमी आहेत. काढले तर मागे उघडं पडेल, आणि लावलेले टिकतील याची खात्री मी देऊ शकत नाही."

"थोडे तं होतीन?" ताई म्हणाली. "पुढचेच? भांगापुरते?"

"नाही. मी हे करणार नाही तुमच्यावर. करतो म्हणणारे भेटतील तुम्हाला, पण करू नका."

ताई टीव्हीकडेच पाहून राहिली होती. तेव्हा आई पुढं सरकली.

"मांगचे नोका काढू ना मंग," ती म्हणाली. "आमी आणले आहेत."

तिनं पिशवी उघडली. आत उशीची खोळ होती, इस्त्री केलेली. खोळीतून तिनं टेबलावर केस काढले. गुंतवळ नव्हतं ते आता. शिकेकाईनं धुतलेले, सावलीत वाळवलेले, एकेक सोडवून सरळ केलेले, लांबीप्रमाणं लावून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या जुड्या. मेथीच्या जुड्या बांधते तशा. दहा-बारा होत्या.

"हिचेच आहेत," आई म्हणाली. "एक बी दुसऱ्याचा नाई. माहे पांढरे मी निवडून काढले. ही लहानी," तिनं माह्याकडे हात केला, "हिच्याच कंगव्यानं विंचरते, तं तिचे बी काढले, उन्हात धरून. तिचे भुरे आहेत, समजते."

दारापाशी उभी असलेली पोरगी फसकन हसली. बहुतेक फोनवरची तीच. डॉक्टर नाही हसला. त्यानं एक जुडी दोन्ही हातात घेतली. उलटून टोकं पाह्यली, म्हणून आईले वाटलं, कमी पडतीन.

"घरी अजून आहेत," ती म्हणाली. "कालचे बी आहेत. ताजे."

"मावशी, यांना मूळ नाही."

"अं?"

"तुमच्याकडे शेती आहे?"

"माहेरी होती. कपाशी."

"वेचलेला कापूस परत बोंडात बसतो का?"

आईनं त्याच्याकडे पाह्यलं. मंग जुडीकडे पाह्यलं. तिले सगळं एकदम समजलं. वावरातली बाई होती ना, तिले दुसऱ्यांदा सांगावं नाही लागलं.

"नाई बसत," ती म्हणाली. अन् जुड्या वापस खोळीत भराले लागली. लांब लांब खाली, आखूड वर. "चुकलं बाप्पा माहं. फोनवर सांगतलं ना त्या पोरीनं, पेशंटचेच लागते म्हणून. मले वाटलं तेच."

डॉक्टरनं मंग रक्ताच्या तपासण्या लिहून देल्या, एक औषध लिहून देलं, गळनं काही कमी होईन म्हणाला, थोडेफार येतीन बी म्हणाला, पण वर्ष लागन, अन् पहिल्यासारखं होईन असं समजू नका म्हणाला. क्लिपनं लावायचा केसाचा तुकडा भेटते, बाया वापरते, तो दाखवू का म्हणाला. ताईनं "नंतर" म्हटलं. मले वाटत नाही तिनं काही ऐकलं.

जिना उतरताना सवयीनं माह्या तोंडात डॉक्टरचा आवाज आला. "मावशी," इतकंच निंगालं. आईनं मागं वळून पाह्यलं. मी खोकली.

बसस्टँडवर आलो तं समोरच अकोटची गाडी लागलेली. तास-दीड तासात ताई तिच्या घरी. आमची अमरावतीची अजून यायची होती. आई पानी घ्याले गेली अन् तेवढ्यात ताईचा फोन वाजला. जिजाजी. ते अकोटले कापसाच्या जिनिंगमधे आहेत, मधल्या सुट्टीत फोन करते.

ताईनं फोन माह्यापुढं धरला.

"तू बोल."

"मी काय बोलू?"

"माह्या आवाजात बोल. होते म्हणून सांग. सहा महिने लागतीन म्हणून सांग. मले आता बोलता येत नाही."

मी तिची बोलायची नक्कल कधी कोनापुढं केली नव्हती, हळदीत सुद्धा नाही, तेव्हा नुसतं वागनं केलं होतं. पण मले येत होती. ताई फोनवर पहिले श्वास घेते, मंग थोडं नाकातून बोलते. मी श्वास घेतला. फोनची बटनं दाबून आवाज वाढवला, ताईनं तिचा कान माह्या कानापाशी आणला.

"होते म्हणते डॉक्टर," मी ताईच्या आवाजात म्हणाली. "सहा महिने लागतीन फक्त."

"होते ना?" जिजाजी म्हणाले. मागं मशीनचा आवाज. "वा! चांगलं झालं. मंग असं कर, घाई नोको करू. पूर्ण झाल्यावरच ये. आई बी तेच म्हणत होती, अर्धवट नोको, पूर्ण होऊ दे अन् मंगच आण तिले. पोरीची शाळा पाहू मंग, चार-सहा महिने इकडे तिकडे."

वाईट मनानं नाही बोलले ते. खुशीत बोलले. मी फोन कानापासून दूर केला. इतका वेळ आवाज ताईचा होता, पण ऐकून मी राहिली होती, अन् हे ऐकनं माहं नव्हतं.

ताईनं फोन घेतला.

"ऐका. होत नाही म्हणते डॉक्टर. कधीच."

"आं? आता तं तू म्हटलं..."

"आता बोलली ते मी नव्हती. लहानी होती. आता मी बोलून राहिली. होत नाही. आता सांगा."

"काय सांगू?" जिजाजी म्हणाले.

"मी यायले तयार आहे. आज बी तयार आहे, गाडी समोर लागली आहे, पोरीले बाबा घेऊन येतीन. पण मी आली तं स्वयंपाक मीच करीन. भाजीत केस निंगाला तं काढून टाकायचा अन् जेवायचं. ताटाच्या काठाले नाही लावून ठेवायचा. एवढंच. चालते का?"

अकोटच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहून अकोट, अकोट करत होता. ताईनं बॅग उचलली होती, हातात होती, मले दिसत होती. ती सासूचं नाही, देवाचं नाही, नवऱ्याचं एक "चालते" मागून राहिली होती.

"आईले विचारून सांगतो," जिजाजी म्हणाले.

ताईनं "बरं" म्हटलं अन् फोन ठेवला. बॅग खाली ठेवली. अकोटची गाडी निंगून गेली. आई पान्याची बाटली घेऊन आली अन् म्हणाली, "कोनाचा होता?" ताई म्हणाली, "पोरीचा बाप. खुशाली विचारत होते."

ते अजून बी रोज फोन करते. पोरीशी व्हिडिओवर बोलते, तिले वाकुल्या दाखवते, औषध घेतलं का म्हणून ताईले विचारते. दोनदा येऊन गेले, पोरीसाठी सायकल आणली. मानूस वाईट नाही. पण त्याइच्या आईले विचारलं का, ती काय म्हणाली, ते त्याइनं कधी सांगतलं नाही अन् ताईनं कधी विचारलं नाही. एकदा मी म्हटलं, मी विचारू का? ताई म्हणाली, "कोनाच्या आवाजात?"

जूनमधे पोरीचं नाव इथंच टाकलं, अमरावतीत, घरापासून दोन गल्ल्या सोडून. शाळेनं सांगतलं, पोरीले घ्याले जो येईन त्याच्या फोटोचं कार्ड पाहिजे, नाही तं पोरगी हाती देनार नाही. ताईनं लग्नानंतर फोटो काढला नव्हता म्हटलं तरी चालन. मोबाईलमधले सगळे लग्नाआधीचे, नाही तं लग्नाचे. मी म्हटलं, त्यातलाच दे ना एखादा. "मास्तरीन म्हणन, ही कोन," ताई म्हणाली.

बाबाइच्या ओळखीच्या स्टुडिओत गेलो. स्टुलावर बसवलं तिले. छत्रीवाले दोन लाइट, दोन्हीकडून. ताईनं वर नाही पाह्यलं. फोटोवाला म्हातारा होता, त्यानं सांगायच्या आधीच तिनं स्कार्फ काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. एक फोटो झाला. मंग तो कॉम्प्युटरपाशी बसला, चश्मा कपाळावरून खाली घेतला, पडद्यावर ताईचा चेहरा मोठा केला, अन् अगदी सहज, रोज विचारते तसं विचारलं, "केस भरून देऊ का बाई? लय बाया भरून घेते. दोन मिनिटाचं काम आहे."

पडद्यावर त्यानं माऊस फिरवला अन् ताईच्या भांगावर काळे केस आले. बाजूनं आले. कपाळावर आले. आणखी आले. ताई उठून त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहात होती. पडद्यावरची बाई लग्नातल्या अल्बममधली होती, फक्त डोळे आताचे होते.

"बस," ताई म्हणाली. "थोडे कमी करा."

त्यानं कमी केले.

"अजून कमी."

"एवढेच? मंग भरायचं काय काम होतं बाई?"

"थोडेच राहू द्या," ताई म्हणाली. "पोरगी हाती भेटली पाहिजे."